आत्याच्या अठरा फेऱ्या

आत्याचं घड्याळाशी वाकडं होतं असं नाही. एक घड्याळ मनगटावर होतं, एक भिंतीवर होतं, आणि नोकरीची बावीस वर्षं तर तिनं घड्याळाकडे बघूनच काढली होती. पण व्हिडिओची स्क्रिप्ट किती मिनिटांची झाली हे मोजायला तिला घड्याळ लागत नसे. ऑफिसच्या मधल्या खोलीत सहा माणसं बसतील असं लांबट टेबल होतं. हातात कागद धरायचा, मोठ्यानं वाचायला लागायचं आणि टेबलाभोवती चालायचं. एक फेरी म्हणजे दहा सेकंद. सहा फेऱ्यांचं एक मिनिट. तीन मिनिटांचा व्हिडिओ असेल तर अठरावी फेरी पुरी होताना शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला पाहिजे. नाही पडला तर कागदावर काट मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून चालायचं. भाच्यानं सुरुवातीला दोन-चारदा चोरून मोबाइल लावून पाहिला होता. एका सेकंदाचाही फरक निघाला नाही, तेव्हा त्यानं मनातल्या मनात कान पकडले.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. धंदा भाच्याचा आणि कॅमेरावालीचा, दोघांच्या भागीत. कारखानदार, दुकानदार, दवाखानेवाले यांना त्यांच्या कामाचे छोटे व्हिडिओ करून द्यायचे. भाचा बोलघेवडा, त्यामुळे गिऱ्हाईक आणणं त्याच्याकडे. कॅमेरावाली दिवसातून मोजून वीस वाक्यं बोलायची, पण कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं हे तिला त्या घरच्या माणसांपेक्षा आधी कळायचं. आणि स्क्रिप्ट आत्याची. नात्यानं ती एकट्या भाच्याची आत्या. पण कॅमेरावालीपासून खालच्या सायकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी तिला आत्या करून टाकली होती.

त्याआधी आत्या बस स्थानकावर सूचना द्यायची. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी घाई करू नये, एका लहान मुलाची निळी चप्पल चौकशी खिडकीत आहे. केबिनमधली खुर्ची पहिल्याच महिन्यात मोडली आणि दुसरी काही आली नाही, म्हणून ती उभ्या उभ्या, फेऱ्या मारत बोलायला शिकली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कितीही मोठी सूचना बसवून दाखवायची. मग तिथं यंत्र आलं. बटण दाबलं की आपोआप बोलणारं. आत्या घरी बसली आणि आठ महिने जवळजवळ गप्पच राहिली. विचारलं तर हो, नाहीतर नाही. जिच्या आवाजावर अख्खं स्थानक हलायचं, ती बाई भाजीवाल्याला बोटानं खुणावून भाजी घ्यायची. भाच्यानं ते आठ महिने जवळून पाहिले होते आणि त्याला त्यांची धास्ती बसली होती.

तिला बाहेर काढलं एका गादीवाल्यानं. भाचा त्याच्या व्हिडिओचा मजकूर घरी बसून मोठ्यानं वाचत होता. 'गेली तीस वर्षं अखंडपणे दर्जेदार सेवा' असं काहीसं चाललं होतं. कोपऱ्यातून आठ महिन्यांनी पहिला आपणहून उच्चारलेला प्रश्न आला, की हे कोण ऐकणार आहे. भाचा म्हणाला, गिऱ्हाईक. त्यावर आत्या म्हणाली की ज्याची पाठ दुखते तो माणूस तीस वर्षांचं ऐकायला थांबत नाही, त्याला आज झोप लागेल का ते सांग. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, टेबलाभोवती एक फेरी मारून पाहिली आणि तिथलीच झाली.

तेव्हापासून कुठल्याही कामाची सुरुवात तिच्या तीन प्रश्नांनी व्हायची. हे बघणार कोण? बघून उठल्यावर तो काय करणार? आणि नाही बघितलं तर त्याचं काय अडणार? तिसऱ्या प्रश्नाला भलेभले कारखानदार घाम पुसायचे. एका लोणी काढायच्या यंत्रवाल्यानं भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाईंना आवरा, एवढं तर मला माझ्या सासऱ्यानंही विचारलं नव्हतं. 'ग्राहकांचं समाधान हाच आमचा ध्यास' असं कुणी म्हणालं की आत्या शांतपणे विचारायची, म्हणजे काय करता? मग समोरचा गडबडायचा आणि गडबडीत खरं बोलून जायचा. तेच ती लिहायची.

लिहिण्याआधी ती एक पूर्ण दिवस त्या जागी जाऊन बसायची. पेन न्यायची नाही, वही न्यायची नाही. कोपऱ्यात स्टूल मागून घ्यायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि कारखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत बघत राहायचं. जे संध्याकाळपर्यंत डोक्यात टिकतं तेवढंच लिहायच्या लायकीचं, असं तिचं म्हणणं. मग कागदाची उभी घडी घालून दोन भाग करायचे. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. जे डावीकडे दिसतंय ते उजवीकडे बोलायचं नाही, हा नियम. आंबा दाखवून 'हा आंबा आहे' म्हणणाऱ्या माणसाला ती आंबा देखील देणार नाही, असं ती म्हणायची.

आणखी एक तिची तऱ्हा. पुरा झालेला व्हिडिओ ती कधी बघत नसे. स्क्रिप्ट दिली, की तिचं काम संपलं. रांधणाऱ्याची भूक वासानंच मरते, असं सांगून ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या मागे लागायची. या तऱ्हेचा भाच्यानं दीड वर्षं फायदा घेतला, आणि आता ते प्रकरण सांगायलाच हवं.

झालं असं, की आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले. ते तिला मान्य नव्हतं. गुडघ्याला काही झालेलं नाही, जिनाच वाईट बांधलाय, असं ती म्हणायची आणि कठड्याला धरून वर यायची. पण एकदा निवेदकानं तिची दोन मिनिटांची स्क्रिप्ट वाचली आणि रेकॉर्डिंग भरलं अडीच मिनिटांच्या वर. भाच्याला वाटलं निवेदक रेंगाळला. पुढच्या वेळी तेच झालं. मग त्यानं दाराआडून घड्याळ लावलं. आत्या नेहमीसारखीच वाचत होती, नेहमीच्याच चालीनं, खणखणीत. फक्त तिची एक फेरी आता दहा सेकंदांत पुरी होत नव्हती. तेरा लागत होते. टेबल तेच, आवाज तोच, पाय मात्र मागे पडले होते, आणि हिशेब सगळा पायांवर.

आता हे तिला तोंडावर सांगायचं म्हटलं, की भाच्याच्या अंगावर काटा यायचा. यंत्रानं एकदा तिला घरी बसवलं होतं. आता स्वतःच्या गुडघ्यानं बसवलं तर ती कुणाशी भांडणार? पुन्हा ते बोटानं भाजी दाखवणं सुरू झालं तर? म्हणून त्यानं सांगितलंच नाही. आत्या स्क्रिप्ट हातात द्यायची, तो 'वा' म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आधी तासभर लवकर येऊन वाढीव सेकंद कापून टाकायचा. कापलेली प्रत कॅमेरावालीला आणि निवेदकाला. न कापलेली आत्याच्या फायलीत. कॅमेरावालीला हे पसंत नव्हतं. तिच्या वीस वाक्यांपैकी एक तिनं यावर खर्च केलं होतं, की हे अंगाशी येईल. भाचा म्हणाला, बघू.

मग आले शिडीवाले. त्यांचा शिड्यांचा कारखाना होता, लाकडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या. एका मोठ्या प्रदर्शनात त्यांना भाग घ्यायचा होता. तिथल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक कारखानदाराला तीन मिनिटं मिळणार होती, आणि तीन मिनिटं झाली की व्हिडिओ जिथं असेल तिथं तुटणार होता, मग तुमचा फोन नंबर यायचा राहिला असला तरी. शिडीवाल्यांनी हे भाच्याला चारदा बजावलं.

आत्या दिवसभर कारखान्यात बसून आली ती वेगळ्याच तंद्रीत. तिथं म्हणे एक जण होता, ज्याचं काम फक्त शिडीवर चढणं. तयार झालेली प्रत्येक शिडी त्याच्याकडे यायची. तो चढायचा, तिसऱ्या पायरीवर उभा राहून दोनदा अंग झोकायचा, वरच्या पायरीवर एकदा, आणि खाली येऊन खडूची खूण करायचा. कारखान्यात त्याला सगळे वजनकाका म्हणत, कारण तो बरोबर ऐंशी किलोंचा होता. सव्वीस वर्षं तो ऐंशीचा ऐंशी राहिला होता. घरी भूक असली तरी ताटावरून उठायचा आणि नसली तरी दोन घास जास्त खायचा. गेल्या वर्षी मोठं आजारपण झालं आणि तो अडुसष्टवर आला. परत कामावर आल्या दिवशी त्यानं बारा किलो वाळू तोलून पिशवीत भरली, पट्ट्यानं पाठीला बांधली, आणि पिशवीसकट शिडी चढला. तेव्हापासून रोज तसंच.

आत्यानं त्याला जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं की असं का. तो म्हणाला, शिडीला काय माहीत मी आजारी होतो. आत्यानं तिथल्या तिथं त्याला शब्द दिला की तुम्ही व्हिडिओत असणार. त्यानं शूटिंगचा वार विचारून घेतला, म्हणजे त्या दिवशी चांगला शर्ट घालता येईल.

स्क्रिप्ट झाली. आत्या अठरा फेऱ्या चालली, टेबलाचा कोपरा धरून थांबली आणि म्हणाली, जमलं. भाच्यानं दाराआड मोबाइल बघितला. तीन मिनिटं चोपन्न सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कात्री आणि कागद घेऊन बसला. काय कापणार? मापं शिडीवाल्यांनी सांगितलेली, ती हवीत. घसरू नये म्हणून लावलेले रबरी बूट हवेत. बिजागरी हवी, हमी हवी, फोन नंबर तर हवाच. सुरुवातीचं वाक्य आत्यानं चार दिवस घासून बसवलेलं, 'उंचीची भीती सगळ्यांनाच असते, शिडीची असू नये'; त्याला हात लावायची त्याची छाती होईना. उरले वजनकाका. आत्याच्या हिशेबानं चार फेऱ्या, म्हणजे खरे बावन्न सेकंद. एका घावात जवळजवळ सगळं बसत होतं, उरलेले दोन सेकंद इकडतिकडचा शब्द काढून निघाले असते. शिवाय खरेदीदारांना आजारी माणूस कशाला दाखवायचा, असंही त्यानं स्वतःला समजावलं. आणि कात्री चालवली.

तिथं आत्यानं घोळ घातला. शूटिंगच्या आदल्या दिवशी भाचा आणि कॅमेरावाली कारखान्यात जाऊन कोरडी फेरी करत असत. कॅमेरा न काढता, नुसता कागद घेऊन, कुठं उभं राहायचं, कुठला दिवा लागेल, कोण कधी पुढं येईल, हे ठरवायचं. आत्या त्या फेरीला कधी जात नसे. या वेळी ती पर्स खांद्याला लावून दारात उभी. म्हणाली, मी वाचते, तुम्ही खुणा करा, वजनकाकांना मी शब्द दिलाय.

गाडीत भाच्यानं सांगायचं ठरवलं. पहिल्या सिग्नलला ठरवलं, मग पुलावर ठरवलं, मग कारखान्याच्या फाटकाशी ठरवलं. प्रत्येक वेळी गिअर बदलला आणि गाडी पुढं काढली. मागे बसलेल्या कॅमेरावालीनं आरशातून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

वजनकाका वाटच बघत होते. शूटिंग उद्या असूनही चांगला शर्ट आजच घातलेला, भांग ओला, पाठीला पिशवी बांधून तयार. शिडीवाले स्वतः मोकळ्या जागेतले लाकडाचे ओंडके हलवून घेत होते. आत्यानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज पत्र्याच्या छपरापर्यंत गेला आणि करवतीवरचे दोघं हात थांबवून ऐकायला लागले. कॅमेरावाली एकेका शॉटपुढे पेन्सिलनं खूण करत तिच्या मागून चालत होती. लाकूड झालं, कटाई झाली, बूट झाले. मग आत्या वजनकाकांजवळ आली. 'ही शिडी अजून तुमची झालेली नाही,' तिनं वाचलं. 'आधी ती यांची व्हायला हवी.' आणि मागे वळून तिनं कॅमेरावालीला विचारलं, "यांचा शॉट कितवा?"

कॅमेरावालीनं पान उलटलं. परत उलटलं. मग ती भाच्याकडे बघत राहिली.

आत्यानं हात पुढं केला. कॅमेरावालीनं कागद दिला. आत्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, घाई न करता, जसं ती सगळंच वाचायची. एवढ्या वेळात भाच्याला आपल्या बुटाची नाडी, फरशीवरचा भुसा आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर सगळं पाठ झालं. वजनकाका आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होते, आणि त्यांचा हात आपोआप पिशवीच्या पट्ट्याकडे गेला होता.

"आमचं एक पान ऑफिसात राहिलंय," आत्या त्यांना म्हणाली. "तुमचंच नेमकं. काळजी करू नका, उद्या घेऊन येते."

पुढची कोरडी फेरी तिनं नीट पुरी केली. शिडीवाल्यांचा चहा घेतला. बिजागरीचा शॉट खालून घ्या म्हणून कॅमेरावालीला सुचवलं. गाडीत ती एक अक्षर बोलली नाही, आणि भाच्याला ते आठ महिने पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटले.

ऑफिसात येईपर्यंत दुपारचे तीन वाजले होते. आत्या जिना चढली, वर येऊन टेबलाशी उभी राहिली, आणि म्हणाली, "आता बोल, शहाण्या."

तो बोलला. सगळं बोलला. अडीच मिनिटांपासून दाराआडच्या मोबाइलपर्यंत. तेरा सेकंदांवर आल्यावर ती म्हणाली, खोटं. त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला. आत्यानं कागद घेतला आणि चालायला लागली. पहिला कोपरा बरा गेला. दुसऱ्या कोपऱ्याला तिनं टेबलाला हात लावला, न कळत, सवयीनं, आणि तो हात तिलाच दिसला. फेरी पुरी झाली. मोबाइलवर तेरा सेकंद होऊन वर थोडे गेले होते. आत्यानं आकडा बघितला, आणखी एकदा बघितला, आणि खुर्ची ओढून बसली. या ऑफिसात ती स्क्रिप्ट हातात असताना बसली, असं पहिल्यांदाच झालं.

भाचा म्हणाला की तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं सांगितलं नाही. ती पुन्हा आधीसारखी घरी बसेल याची भीती वाटली.

"मी घरी का बसले होते, कधी विचारलंस?"

तो म्हणाला, यंत्र आलं म्हणून.

"यंत्र येणारच होतं. ते काय मला कळत नव्हतं?" आत्या म्हणाली. "सोमवारी कामावर गेले. फाटकातच होते, तर आतून सूचना ऐकू आली. आवाज दुसराच. मी तिथंच उभी. साहेबांना महिनाभर आधी माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं, झाडूवाल्याला माहीत होतं. सगळ्यांना माझी दया येत होती, म्हणून कुणीच मला सांगितलं नाही. नोकरी गेल्याचं दुःख पंधरा दिवसांत संपलं रे. बाकीचे साडेसात महिने मी हेच आठवत होते, की त्या महिन्यात कोण कोण माझ्याशी कसं हसून बोललं."

भाच्याला म्हणायचं होतं की मी तसा नाही. पण तो दीड वर्षं 'वा' म्हणत आला होता, त्यामुळे तेही म्हणता येईना.

"तो माणूस वाळूची पिशवी सगळ्यांच्या देखत पाठीला बांधतो," आत्या म्हणाली. "तू माझी पिशवी माझ्या पाठीमागे बांधत होतास."

भाचा उठला, आपल्या खोलीतला खालचा ड्रॉवर ओढला आणि आख्खा ड्रॉवरच आणून टेबलावर ठेवला. त्यात कागदाच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख. दीड वर्षात त्यानं कापलेलं आत्याचं वाक्य न वाक्य. टाकवलं नव्हतं त्याच्याच्यानं.

आत्यानं चष्मा पुसला आणि एकेक पट्टी वाचायला घेतली. कॅमेरावाली दाराशी येऊन उभी राहिली. मग आत्या म्हणाली, हे कापलंस ते बरं केलंस. पुढची पट्टी वाचून म्हणाली, हेही भरताडच होतं. तिसऱ्या पट्टीवर तिला हसू आलं. लोणीवाल्याच्या व्हिडिओत तिनं स्वतःच 'अखंडपणे' लिहिलं होतं, आणि ती म्हणाली की हे कुणाला दाखवू नका. एका पट्टीवर भुवया चढल्या आणि तिनं ती वेगळी ठेवली. अशा चार निघाल्या. बाकीच्या चाळीस-पंचेचाळीस पट्ट्यांचा तिनं गठ्ठा केला आणि रबर लावलं.

"कापतोस चांगलं," ती म्हणाली. तक्रार केल्याच्या सुरात म्हणाली, पण म्हणाली.

भाच्याला तेवढ्यानं धीर आला आणि त्यानं एक तोडगा काढला. टेबलाची एक बाजू दुमडता येत होती. ती दुमडली की फेरी लहान होईल, तिच्या चालीनं बरोबर दहा सेकंदांची. कुणाला सांगायलाही नको. त्यानं लगेच वाकून कडीला हात घातला.

"टेबलाला हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "टेबल बरोबर आहे."

मग तिनं वजनकाकांची पट्टी मागितली. ती अजून ड्रॉवरमध्येही गेली नव्हती, भाच्याच्या खिशातच होती. आत्यानं ती स्क्रिप्टला जागच्या जागी टाचणीनं लावली. कॅमेरावालीनं न सांगता कारखान्याला फोन लावून वजनकाकांना निरोप दिला की पान सापडलं. मग चोपन्न सेकंद दुसरीकडून काढायला तिघं बसले. आत्याला पहिल्याच नजरेत तिचाच नियम मोडलेला सापडला. सगळ्या शिड्यांची मापं उजव्या बाजूला बोलून घेतली होती. शिडीवाल्यांनी गळ घातली आणि ती पाघळली होती. मापं पडद्यावर दिसू देत, बोलायची कशाला? ती गेली. हमीची तीन वाक्यं होती, त्यांचं एक झालं. शिडीवाल्यांच्या वडिलांच्या पहिल्या कारखान्याची गोष्ट निम्म्यावर आली.

"आता मोजू," आत्या म्हणाली, आणि कागद भाच्याकडे सरकवला. "तू चाल."

त्याला आधी कळलंच नाही. ती खुर्चीतच होती, हातात पेन्सिल, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं. मग तो उठला. टेबलाभोवती चालत वाचणं लांबून वाटतं तेवढं सोपं नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्यांत त्यानं कोपऱ्याला मांडी आपटून घेतली, आणि आत्या न बघता म्हणाली, श्वास कोपऱ्यावर घ्यायचा, मधे नाही. पाचव्या फेरीला लय लागली. दहाव्या फेरीला वजनकाका आले.

ते वाक्य त्यानं कापताना शंभरदा डोळ्यांनी वाचलं होतं. तोंडानं वाचण्याची ही पहिलीच वेळ. 'शिडीला ठाऊक नसतं हा माणूस आजारी होता. म्हणून तो रोज सकाळी स्वतःच्या वजनात कमी पडलेलं वजन उचलून घेतो.' एवढं वाचलं आणि त्याची नजर त्याच ओळीवर परत गेली. पाय थांबले.

"थांबू नकोस," आत्या म्हणाली. "सेकंद जातायत."

तो चालत राहिला. शेवटचा शब्द एकोणिसाव्या फेरीच्या मध्यावर पडला. पाच सेकंद जास्त. आत्यानं घड्याळ बघून मान हलवली आणि म्हणाली, "आणखी एक वाक्य जायला हवं. कुठलं ते तू सांग."

दीड वर्षं न विचारता कापणाऱ्या माणसाला आता, विचारल्यावर, बोट उचलेना. त्याला उत्तर माहीत होतं. कालही माहीत होतं. त्यानं कागद तिच्यासमोर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. 'उंचीची भीती सगळ्यांनाच असते, शिडीची असू नये.'

आत्यानं त्या ओळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"चार दिवस लागले होते मला."

"माहीत आहे."

"वाक्य छान आहे."

"छान आहे," तो म्हणाला. "पण वजनकाका आल्यावर त्याची गरज नाही, आत्या."

तिनं पेन्सिल घेतली. पट्टी लावून आखल्यासारखी एक सरळ रेघ त्या ओळीवरून ओढली, कागद त्याच्या हातात परत दिला आणि खुर्चीत नीट टेकून बसली.

"चल," ती म्हणाली, "पहिल्यापासून."